सर्व्हरची नित्यसेवा

लखनौच्या हुसेनाबाद भागात २२१ फूट उंचीचे एक घंटाघर उभे आहे. १८८० नंतरच्या दशकात बांधलेल्या या मनोऱ्यातील घड्याळ १९८४ साली बंद पडले आणि पुढे सुमारे सत्तावीस वर्षे त्याचे काटे हलले नाहीत. २०११ साली ते पुन्हा चालू करण्यात आले. मधल्या काळात मनोरा होता तसाच राहिला, त्याची शोभा कमी झाली नाही, प्रवासी त्याची छायाचित्रे घेतच राहिले. वेळ तेवढी कळेनाशी झाली. अशा घड्याळाला ठरावीक दिवशी किल्ली द्यावी लागते, चाकांच्या दात्यांना तेल घालावे लागते आणि एखाद्या खात्रीच्या घड्याळाशी त्याची वेळ ताडून पाहावी लागते. हे काम करणारा मनुष्य जोवर नेमाने जिना चढत असतो, तोवर त्याची आठवण कोणासही होत नाही.

त्याच शहरात आज अशी अनेक यंत्रे आहेत, जी कोणाच्या दृष्टीसही पडत नाहीत. योजना भवनात राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचे राज्य कार्यालय आहे. मानकनगरला रेल्वेची संशोधन, अभिकल्प व मानक संस्था आहे. व्यवस्थापन, औषधिविज्ञान, वैद्यक या विषयांच्या मोठ्या संस्था आहेत. बँका आणि विमा कार्यालये तर गल्लोगल्ली आहेत. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेच्या सहकार्याने नव्वदच्या दशकात रुग्णालयाच्या समग्र कारभाराची संगणकप्रणाली उभी केली, ही गोष्ट मराठी वाचकास विशेष जवळची वाटावी. रुग्णाची नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, औषधांचा साठा, देयके हे सारे कागदावरून यंत्रात गेले. यंत्रात गेले म्हणजे कोठे गेले? एका थंड ठेवलेल्या बंद खोलीतील कपाटात, जेथे पडदा व कळफलक बहुधा नसतो आणि पंख्यांचा अखंड घोष चालू असतो. या यंत्रांना सर्व्हर म्हणतात. इतर संगणकांनी मागितलेले काम करून देणारा तो सर्व्हर. त्याची रोजची सेवा मनुष्य कशी शिकतो, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

बहुसंख्य सर्व्हर ज्या प्रणालीवर चालतात, ती युनिक्स किंवा तिच्या कुळातील असते. युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची हे तिचे मुख्य कर्ते. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने त्याच धर्तीवर लिनक्सचा आरंभ केला, आणि आज नवा शिकाऊ ज्या यंत्रापुढे बसतो ते बहुधा लिनक्सचे असते. आज्ञा मात्र थोड्याफार फरकाने त्याच राहिल्या आहेत. सत्तरच्या दशकात काम केलेला एखादा प्रशासक आज परत आला, तर त्याला यंत्र ओळखू येणार नाही, पण त्यावरील भाषा ओळखू येईल.

भारतात युनिक्सचा प्रसार होण्यास प्रयोगशाळांइतक्याच बँका कारणीभूत झाल्या. लखनौपासून जवळच असलेल्या कानपूरच्या आय.आय.टी.त १९६३ सालीच आय.बी.एम. १६२० हा संगणक आला होता. पण तो विद्यार्थी व संशोधक यांच्यासाठी. १९८४ साली डॉ. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बँकांच्या यंत्रीकरणाचा आराखडा मांडला, आणि त्यानंतरच्या वर्षांत भारतीय बँकांनी आपल्या यंत्रांसाठी युनिक्सचा स्वीकार केला. देशी कंपन्या युनिक्सवर चालणारी यंत्रे बनवू लागल्या. ज्यांनी महाविद्यालयात संगणक पाहिलाही नव्हता अशा अधिकाऱ्यांवर संध्याकाळी दिवसाचा हिशेब बंद करण्याचे, टेपवर त्याची प्रत घेण्याचे आणि ती टेप तिजोरीत ठेवण्याचे काम येऊन पडले. या मंडळींना कोणी ‘सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हटले नाही. परंतु त्या कामाचा गाभा त्यांनी हाताने केला, आणि ती टेप का ठेवायची हे त्यांना नेमके ठाऊक होते. सकाळी यंत्र सुरू झाले नाही तर खातेदार खिडकीपुढे उभा राहणार, हे त्यांना दिसत होते. आजच्या शिकाऊ प्रशासकाला खातेदार दिसत नाही, आणि त्याच्या शिक्षणातील पहिली अडचण हीच आहे.

दुसरी अडचण अभ्यासक्रमाची. महाविद्यालयांत कार्यप्रणाली हा विषय शिकवितात आणि चांगला शिकवितात. प्रक्रियांना प्रोसेसरचा वेळ कसा वाटून द्यावा, स्मृतीची पाने कशी अदलाबदल करावी, हे विद्यार्थ्यास येते. मात्र सकाळी नऊ वाजता सर्व्हरपुढे बसल्यावर प्रथम काय पाहावे, हे कोणत्याच पाठ्यपुस्तकात प्रश्न म्हणूनही येत नाही. शरीररचनाशास्त्र उत्तम आलेला, परंतु वॉर्डातील फेरी कधी न केलेला वैद्यकीय विद्यार्थी जसा असेल, तशी ही अवस्था आहे.

फेरी हाच येथे योग्य शब्द आहे. यंत्र शेवटचे केव्हा सुरू झाले, म्हणजे रात्री ते आपोआप बंद पडून पुन्हा उठले तर नाही ना? या क्षणी त्यावर कोण कोण आले आहे? भार किती आहे? डिस्कवर जागा किती उरली? रात्रीची प्रत पूर्ण झाली काय? नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, नवे असे काय आहे? एवढ्या प्रश्नांची उत्तरे पाच-सात लहान आज्ञांनी दहा मिनिटांत मिळतात. शिकाऊ मनुष्य त्या एका दिवसात पाठ करतो आणि आपणास काम आले असे समजतो. वस्तुतः तेव्हा त्याला काहीच आलेले नसते. ‘अपटाइम’ ही आज्ञा भाराचे तीन आकडे दाखविते: गेल्या एका मिनिटाचा, पाच मिनिटांचा आणि पंधरा मिनिटांचा. समजा, आकडा सहा आला. सहा म्हणजे फार की थोडा? यंत्रात सोळा प्रोसेसर असतील तर ते यंत्र निवांत आहे. दोनच असतील तर रांग लागली आहे. शिवाय महिन्याच्या पहिल्या तारखेला, वेतनाची देयके निघत असताना, एखाद्या यंत्राचा तो नित्याचा भार असेल आणि रविवारी पहाटे तोच आकडा काहीतरी बिघडल्याची खूण असेल. तेव्हा फेरी करावयाची ती दोष सापडावा म्हणून नव्हे, तर सर्व काही ठीक असताना हे विशिष्ट यंत्र कसे दिसते, हे डोळ्यांत भरावे म्हणून. हे ज्ञान उसने मिळत नाही. ज्याने चाळीस साध्या सकाळी पाहिल्या नाहीत, त्याला एकेचाळिसावी निराळी आहे हे कळणार नाही.

या कामातील सर्वांत सामान्य संकट म्हणजे डिस्क भरणे. ऐकावयास ते क्षुल्लक वाटते. परंतु डिस्क पूर्ण भरली की माहितीसंचयाला नवी नोंद लिहिता येत नाही. नोंद लिहिता आली नाही की तो काम थांबवितो. आणि तो थांबला की रुग्णालयाच्या नोंदणीखिडकीवरील कर्मचारी पडद्यावर फिरणाऱ्या चक्राकडे पाहत बसतो, समोर पहाटेच्या गाडीने गोंडा-बहराइचहून आलेल्या माणसांची रांग वाढत जाते. एवढे सगळे होण्याचे कारण पुष्कळदा हेच असते, की एखादा कार्यक्रम एकच तक्रार सेकंदास शंभर वेळा आपल्या लॉगमध्ये लिहीत रात्रभर बसला होता.

अशा वेळी शिकाऊ प्रशासक काय करतो? तो सर्वांत मोठी फाइल शोधतो, ती लॉगची निघते, आणि ‘आरएम’ या आज्ञेने ती पुसून टाकतो. मग ‘डीएफ’ ही आज्ञा देऊन किती जागा मोकळी झाली ते पाहतो. एक कणही मोकळा झालेला नसतो. फाइल तर दिसत नाही, आणि डिस्क तर भरलेलीच आहे! हा चमत्कार प्रत्येक प्रशासकाच्या उमेदवारीत एकदा तरी घडतो, आणि युनिक्सची मूळ कल्पना त्याच दिवशी त्याला खऱ्या अर्थाने कळते. युनिक्समध्ये फाइलचे नाव आणि फाइल या दोन भिन्न वस्तू आहेत. पुसले जाते ते नाव. मूळ फाइल जोवर एखाद्या चालू कार्यक्रमाने उघडून धरलेली आहे, तोवर तिची जागा सुटत नाही. आणि तो कार्यक्रम तर अजूनही आपली तक्रार निनावी झालेल्या फाइलीत लिहीतच असतो. उपाय दोन आहेत. नाव न पुसता फाइल जागच्या जागी रिकामी करावी, किंवा कार्यक्रमाला लॉग बंद करून नव्याने उघडावयास सांगावे. त्याहून चांगला तिसरा उपाय असा, की लॉग रोज रात्री आपोआप पालटला जाईल आणि जुना दाबून लहान केला जाईल, अशी व्यवस्था आधीच असावी. ती असते. ती चालते की नाही हे कोणी पाहिलेले नसते, इतकेच.

याचाच एक जोडभाऊ आहे. ‘डीएफ’ सांगते की निम्मी डिस्क मोकळी आहे, आणि तरीही यंत्र म्हणते की नवी फाइल करण्यास जागा नाही. प्रत्येक फाइलीसाठी युनिक्स एक लहानशी नोंद ठेवते, तिला आयनोड म्हणतात. पुष्कळ फाइल-व्यवस्थांत या नोंदींची संख्या आरंभीच ठरलेली असते. एखाद्या कार्यक्रमाने लाखो बारीक फाइली करून ठेवल्या की जागा शिल्लक असूनही नोंदवहीची पाने संपतात. लखनवी चिकनकारीत जसे कापड उरावे आणि धागा संपावा, तसे हे होते.

आपोआप व्हावयाच्या कामांची वाटणी ‘क्रॉन’ नावाचा कार्यक्रम करतो. त्याला अमुक वाजता अमुक काम कर असे लिहून दिले की तो ते निमूटपणे करतो. भारतीय शिकाऊच्या वाट्याला येथे एक खास आपला खड्डा आलेला आहे. पुष्कळ सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले असतात, आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. रात्री दोनला, सर्व निजलेले असताना, प्रत घेतली जावी म्हणून क्रॉनला ‘दोन’ लिहून दिले, तर ते काम लखनौत सकाळी साडेसात वाजता सुरू होते. म्हणजे बाह्यरुग्ण विभाग उघडण्याच्या नेमके तोंडावर. यंत्र संथ होते, तक्रारी येतात, दहा वाजेपर्यंत ते पूर्ववत होते, आणि कोणी तपासावयास येईपर्यंत दोषाचा मागमूस राहत नाही. अशा बिघाडाने आठवडेच्या आठवडे खाल्ल्याची उदाहरणे या व्यवसायात सर्वांस ठाऊक आहेत. लॉग वाचतानाही हाच घोटाळा होतो: एका यंत्राची नोंद एका वेळेत, दुसऱ्याची दुसऱ्या वेळेत, आणि दोन्ही शेजारी ठेवून कारण-कार्य जोडावयास गेले तर परिणाम कारणाच्या आधी घडलेला दिसतो. म्हणून जाणते प्रशासक वहीत लिहिताना दोन्ही वेळा लिहितात. वेळेचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट जाता जाता: युनिक्स काळ मोजते ते १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून, आणि जुन्या यंत्रांत या मोजणीसाठी ठेवलेली जागा १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरणार आहे. नव्या यंत्रांत ती वाढविलेली आहे. जुनी यंत्रे कोठकोठे राहिली आहेत ते शोधणे हेही कोणाचे तरी रोजचे काम होणार आहे.

खात्यांची देखरेख हे काम सर्वांत कंटाळवाणे मानले जाते. नवा कर्मचारी आला की खाते उघडावे, बदली झाली की बंद करावे, कोणास काय वाचता यावे आणि काय लिहिता यावे ते ठरवावे. पहिली गोष्ट सर्व कार्यालयांत तत्परतेने होते, कारण नवा कर्मचारी मागणी करतो. दुसरी होत नाही, कारण गेलेला मनुष्य तक्रार करण्यास येत नाही. परवान्यांच्या बाबतीत तर शिकाऊस एक मोह हटकून होतो. एखादा कार्यक्रम ‘परवानगी नाही’ म्हणून अडला की तो सर्वांस सर्व काही करण्याची मुभा देऊन मोकळा होतो. त्या मुभेचा आकडा सातशे सत्याहत्तर. अडलेले काम चालू होते, आभार मानले जातात, आणि घराचे दार कायमचे उघडे राहते.

हिशेबाच्या या कंटाळवाण्या कामातून केवढी मोठी गोष्ट बाहेर येऊ शकते, याचे उदाहरण कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत घडले. १९८६ च्या ऑगस्ट महिन्यात क्लिफर्ड स्टोल नावाचा खगोलशास्त्रज्ञ तेथील संगणकविभागात नव्याने आला होता. दुर्बिणींच्या कामासाठीचे अनुदान संपल्यामुळे त्याला हे काम देण्यात आले होते. म्हणजे तोही उमेदवारच. संगणक वापरल्याचे पैसे विभागाविभागांकडून घेतले जात, आणि दोन हिशेबांत ७५ सेंटचा फरक येत होता. नवख्याला करमणूक म्हणून तो फरक शोधावयास सांगण्यात आला. पाऊण डॉलरसाठी कोण आपली झोप घालविणार? स्टोलने ती घालविली. कोणीतरी हिशेबात नसलेल्या खात्याने काही सेकंद संगणक वापरला होता. जवळजवळ वर्षभर त्याने त्या अज्ञात माणसाचा माग काढला, आणि तो माग पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरात जाऊन पोहोचला. मार्कुस हेस नावाचा तरुण अमेरिकी लष्करी संगणकांत शिरून तेथील माहिती सोव्हिएत गुप्तहेरांना विकणाऱ्या टोळीत सामील होता. स्टोलने १९८९ साली ही हकीकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली.

अगदी अलीकडचे, २०२४ च्या मार्चमधील, उदाहरण याहून सूक्ष्म आहे. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या ध्यानात आले, की दूरच्या यंत्रात शिरण्याच्या नेहमीच्या क्रियेला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत आहे. त्याने ते सोडून दिले नाही. फाइली दाबून लहान करणाऱ्या एका सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लहानशा कार्यक्रमात कोणीतरी वर्षा-दोन वर्षांच्या खटपटीने चोरदार बसविले होते, असे निष्पन्न झाले. ते जगभरच्या सर्व्हरांवर पसरण्याच्या बेतात होते. पाऊण डॉलर आणि अर्धा सेकंद! येथे श्रोत्यांच्या मनात शंका येईल की अशी माणसे विरळा असतात. असतात खरी. परंतु दोघांकडेही काही अलौकिक साधन नव्हते. नेहमीचा आकडा किती असतो हे त्यांना ठाऊक होते, आणि निराळा आकडा त्यांना सलत होता.

आता या विद्येच्या भयंकर भागाकडे वळावयास हवे. युनिक्समध्ये ‘रूट’ नावाचा एक सर्वाधिकारी असतो. त्याला काहीही करता येते आणि यंत्र त्याला ‘नक्की ना?’ असे विचारीत नाही. युनिक्सची रीतच अशी की काम यशस्वी झाले तर ती गप्प राहते. ‘आरएम’ आज्ञेने पुसलेली फाइल टोपलीत जाऊन पडत नाही. ती गेलेली असते. आज्ञेत नको तेथे एक मोकळी जागा पडली, तर एका कोनाड्याऐवजी सारे घर झाडले जाऊ शकते.

१९९८ साली पिक्सार या चित्रपटसंस्थेत ‘टॉय स्टोरी २’ चे काम चालू असताना कोणीतरी पुसण्याची आज्ञा चुकीच्या ठिकाणी दिली. पडद्यावर पात्रे एकामागून एक नाहीशी होऊ लागली. यंत्र बंद करीपर्यंत चित्रपटाचा बहुतांश भाग गेला होता. प्रती घेण्याची व्यवस्था होती. ती पाहिली तेव्हा कळले, की काही आठवडे ती नीट चालतच नव्हती. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या अधिकारी स्त्रीमुळे. तान्ह्या मुलासाठी घरून काम करता यावे म्हणून तिने आपल्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत ठेविली होती. तो संगणक गोधड्यांत गुंडाळून, मोटारीच्या मागील आसनावर पट्ट्याने बांधून, जपून कचेरीत आणण्यात आला.

हे जुन्या काळातील म्हणून सोडून द्यावे, तर ३१ जानेवारी २०१७ ची गिटलॅब या कंपनीची गोष्ट समोर येते. दिवसभराच्या कामाने थकलेल्या एका अभियंत्याने रात्री दोन यंत्रांपैकी चुकीच्या यंत्रावर पुसण्याची आज्ञा दिली. एक-दोन सेकंदांत त्याने ती थांबविली. तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार गिगाबाइट उरले होते. प्रती राखण्याचे पाच निरनिराळे मार्ग कागदावर होते. त्यांपैकी एकही भरवशाचा निघाला नाही. रोजची प्रत घेणारा कार्यक्रम आवृत्ती न जुळल्यामुळे प्रत न घेताच थांबत होता, आणि ‘प्रत झाली नाही’ असे कळविणारी त्याची पत्रे टपालयंत्रणा संशयास्पद म्हणून नाकारीत होती. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी कोणीतरी योगायोगाने काढून ठेवलेली प्रत हाती लागली म्हणून निभावले. मधल्या सहा तासांतील नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीने हे सारे स्वतःच जाहीर केले, दुरुस्तीचे काम चालू असताना जगाला पाहू दिले. ज्या व्यवसायात चुका झाकण्याचीच परंपरा आहे, तेथे हा उमदेपणा विशेष म्हणावा लागेल. आणि शिकणाऱ्यांच्या दृष्टीने तर तो प्रसंग एखाद्या ग्रंथाइतका मोलाचा ठरला आहे.

दोन्ही प्रसंगांत प्रत घेण्याचे काम नेमलेले होते. प्रतीवरून मूळ परत उभे करून पाहण्याचे काम कोणाकडेच नव्हते. शिकाऊ प्रशासकास ‘बॅकअप झाला’ असा हिरवा शिक्का वाचावयास शिकविले जाते. त्यातील एक फाइल काढून, उघडून, मुळाशी ताडून पाहण्यास त्याला क्वचितच सांगितले जाते. आणि लखनौसारख्या ठिकाणी त्याची गरज किती आहे! जूनमध्ये पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, लू वाहते, वीज जाते. यू.पी.एस.च्या बॅटऱ्या काही मिनिटे यंत्र तोलून धरतात, तेवढ्यात जनरेटरने भार उचलावयाचा असतो. तो उचलला गेला नाही तर प्रथम माहितीसंचय, मग कार्यक्रम, मग प्रणाली, अशा क्रमाने यंत्र शांतपणे निजविले पाहिजे. हा क्रम भिंतीवर लावलेला असतो. जनरेटरमध्ये डिझेल आहे की नाही हे पाहणे प्रशासकाच्या कर्तव्यसूचीत कोठेही लिहिलेले नसते, पण जाणता प्रशासक फेरीत तेही विचारून येतो. वातानुकूलन बंद पडले तर वीज असूनही खोली तापते, आणि डिस्का आधी मरतात.

मग ही विद्या द्यावी कशी? लखनौत या प्रश्नाचे एक जुने उत्तर आहे, ते संगीतातील. मुंबईचे वकील पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली या शहरात मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू केले. पुढे ते त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. घराण्यांत तोंडी चालत आलेल्या बंदिशी मिळवून, स्वरलिपीत लिहून, त्यांनी क्रमिक पुस्तकांच्या रूपाने छापल्या. उस्तादांची विद्या कागदावर आली तर तिचा प्राण जाईल, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. कागदावर आली नाही तर उस्तादाबरोबर ती जाईल, हे भातखंडे पाहत होते. तथापि त्यांनी पुस्तक छापून विद्यालय बंद केले नाही. पुस्तक आणि समोर बसलेला गुरू, दोन्ही ठेवले. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी अनेक वर्षे प्राचार्य या नात्याने तेच केले.

युनिक्सजवळ पुस्तक पहिल्यापासून आहे. तिच्या मार्गदर्शिकेची पहिली आवृत्ती १९७१ च्या नोव्हेंबरात निघाली, आणि आजही ‘मॅन’ ही आज्ञा दिली की प्रत्येक आज्ञेचे पान पडद्यावर उघडते. त्या पानांच्या शेवटी ‘दोष’ असे एक सदर असे, त्यात कर्त्यांनी आपल्याच कृतीतील उणिवा मोकळेपणाने लिहिलेल्या असत. परंतु ती पाने आज्ञांची आहेत. या कार्यालयातील या यंत्राची नव्हेत. ते पुस्तक तेथील माणसांनीच लिहावयाचे असते: कोणते काम केव्हा चालते, कोणता कार्यक्रम बंद केला तर दुसरा कोणता अडतो, मागच्या वेळी काय झाले आणि कशाने सुटले. सरकारी कार्यालयांत माणसे बदलतात, कंत्राटे संपतात; वीस वर्षे यंत्र सांभाळलेला मनुष्य निवृत्तीच्या दिवशी हार-तुरे घेऊन घरी जातो, आणि दुसऱ्या दिवशी कोणालाही एक पासवर्ड सापडत नाही. वही नसण्याचे कारण आळस हेच असते असे नाही. ज्याच्यावाचून काम अडते, त्यालाच कार्यालयात मान असतो, हे लोक पाहत असतात. वही लिहिणारा आपले अडणे कमी करतो. ही अडचण यंत्रविद्येची नाही आणि तिच्यावर कोणतीही आज्ञा चालत नाही.

जेथे शिक्षण नीट दिले जाते तेथे ते असे चालते. पहिले काही आठवडे शिकाऊस रूटचा अधिकार नसतो; तो फेरीत बरोबर असतो आणि वहीत लिहितो. नंतर एक जुने यंत्र त्याच्या स्वाधीन केले जाते. ते त्याने मुद्दाम बिघडवावे, डिस्क भरून पाहावी, नाव पुसूनही जागा सुटत नाही हे स्वतः अनुभवावे, सारे पुसून प्रतीवरून पुन्हा उभे करावे आणि त्यास किती वेळ लागला ते मोजावे. त्यानंतर खरे यंत्र येते. त्या वेळी कळफलक शिकाऊपुढे असतो आणि ज्येष्ठ प्रशासक हात मागे बांधून खुर्चीच्या पाठीशी उभा राहतो. आज्ञा लिहून झाली की एंटरची कळ दाबण्याआधी शिकाऊने ती मोठ्याने वाचावयाची, आणि आपण कोणत्या यंत्रावर आहोत त्याचे नाव सांगावयाचे. पहिल्याच स्वतंत्र रात्री त्याने करावयाचे काम लहान असते: आदल्या दिवशीच्या प्रतीतून कोणतीही एक फाइल निवडून ती वेगळ्या जागी काढावयाची, उघडावयाची, मूळ फाइलशी ताडावयाची, आणि वहीत तारीख, भारतीय वेळ, प्रमाणवेळ व आपली सही घालावयाची. सकाळी नऊला येणारा मनुष्य यंत्राकडे पाहण्याआधी ती ओळ वाचतो.